भाड्याची खोली शोधताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझे मिस्टर दादरला दुकानात कामाला आहेत, मी मुलुंडला पाच घरी स्वयंपाक करते. दोघांचे मिळून ३०,००० रुपये होतात. भांडुपच्या खोलीचं भाडं आता ११,००० सांगतायत. एजंटने दिव्यात ६,५००ची आणि टिटवाळ्यात ५,०००ची खोली दाखवली. टिटवाळा घ्यावं का? – एक वाचक, भांडुप

उत्तर: ताई, आधी तुमच्या कामाच्या वेळा कागदावर मांडा, भाडं नंतर बघू. दिव्याहून स्लो लोकलने मुंब्रा, कळवा, ठाणे आणि मग मुलुंड. टिटवाळा कल्याणच्याही पुढे, कसाऱ्याच्या वाटेवर. तिथल्या बऱ्याच गाड्या पुढे फास्ट होतात, म्हणजे मुलुंडसाठी वाटेत गाडी बदलणं आलं. त्या धावपळीत सकाळचं एक घर जरी सुटलं, तरी भाड्यात वाचलेले १,५०० रुपये गेलेच, वर आणखी नुकसान. मिस्टरांना मात्र टिटवाळ्याहून सुटणाऱ्या लोकलमध्ये बसायला जागा मिळेल. दिव्याला गाड्या भरूनच येतात, सकाळी आत शिरणंही कठीण जातं. तरीही पाच घरांची कमाई सांभाळायची असेल, तर आमचं मत दिव्याच्या बाजूने आहे.

पण दिव्यातली कुठली खोली, हे नीट बघा. स्टेशनपासून चालत जाऊन पाहा. समजा शेअर रिक्षाला माणशी २० रुपये पडतात. दोघांचे जाऊन-येऊन ८०, आणि २६ दिवसांचे २,०८० झाले. म्हणजे ६,५००ची लांबची खोली ८,५८०ला पडली. स्टेशनजवळ ७,५००ला मिळत असेल तर तीच घ्यावी.

पाण्याचं एजंटला विचारू नका, शेजारच्या बायकांना विचारा. नळाला किती वाजता येतं, किती वेळ टिकतं, मे महिन्यात टँकर मागवावा लागतो का आणि त्याची वर्गणी किती. दिव्यातली पाणीटंचाई जुनी आहे, त्यामुळे हे विचारायला संकोच करू नका.

विजेचा मीटर स्वतंत्र आहे का, तेही बघा. महावितरणचा पहिल्या १०० युनिटचा दर कमी असतो, १०१ ते ३०० युनिटचा बराच जास्त. दोन खोल्या एकाच मीटरवर असल्या आणि प्रत्येकीने ८० युनिट वापरले, तर बिल १६० युनिटचं येतं आणि वरचे ६० महाग पडतात. वेगळ्या मीटरवर दोघीही स्वस्त दरातच राहिल्या असत्या. मालक युनिटमागे सरसकट ठरावीक रक्कम मागत असेल, तर मागच्या तीन महिन्यांची मूळ बिलं बघायला मागा.

शेवटी इमारत. दिवा, मुंब्रा, नालासोपारा या पट्ट्यात अनधिकृत बांधकामं पुष्कळ आहेत. नालासोपारा पूर्वेला अशा ४१ इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या, तेव्हा भाडेकरूंनाही सामान घेऊन बाहेर पडावं लागलं. प्रभाग समितीच्या कार्यालयात जाऊन त्या इमारतीला नोटीस आहे का, एवढं विचारून या. मुंबईत असाल तर दरवर्षी पावसाळ्याआधी जाहीर होणारी अतिधोकादायक, म्हणजे सी-१ इमारतींची यादी बघावी.

प्रश्न: मालक म्हणतात, नोटरीचा अकरा महिन्यांचा करार पुरे, रजिस्ट्रेशनला फार खर्च येतो. डिपॉझिट ६०,००० आहे. नाहीतर चार लाख हेवी डिपॉझिट द्या, भाडं नको, असंही म्हणतात. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर: नोटरीवर थांबू नका. भाडं ६,५०० धरलं तर अकरा महिन्यांचे ७१,५०० होतात. त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवायचं आणि एकूण रकमेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क. ते दोनशे रुपयांच्या आसपासच येतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. ऑनलाइन नोंदणीत दस्त हाताळणीचे आणखी थोडे. त्यापुढचे पैसे घरी येऊन अंगठे घेणाऱ्या एजंटचे असतात; ते आधी ठरवा आणि मालकाबरोबर निम्मे वाटून घ्या.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाचीच आहे. न नोंदवल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हे त्याला शांतपणे दाखवा, भांडण नको. मुलाची शाळा, बँक, गॅस, सगळीकडे पत्त्यासाठी हाच कागद लागतो.

डिपॉझिट बँकेतून द्या आणि व्यवहार क्रमांक करारात लिहून घ्या. तीन वाक्यं करारात हवीतच: किल्ली परत करण्याच्या दिवशीच डिपॉझिट परत, दोन्ही बाजूंना एक महिन्याची नोटीस, आणि रंगकामाचे पैसे कापायचे की नाही. डिपॉझिटवरचे बहुतेक वाद या रंगकामावरूनच होतात, म्हणून राहायला जायच्या दिवशी भिंती, नळ, पंखे यांचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा. लाइट बिलावरचं आणि घरपट्टीवरचं नाव मालकाच्या आधारशी जुळतंय ना, तेही तपासा. मुदत संपल्यावर तसंच राहू नका, याच कायद्याच्या कलम २४प्रमाणे मालक दुप्पट भाडं मागू शकतो. नवव्या महिन्यातच नूतनीकरणाचं बोला.

हेवी डिपॉझिट घेऊ नका. घरावर कर्ज असलं आणि मालकाने हप्ते थकवले, तर बँक घर ताब्यात घेते आणि तुमचे चार लाख मालकाच्या मागे लागून वसूल करत बसावे लागतात. आयुष्यभराची बचत अशी एका माणसाच्या शब्दावर ठेवायची नसते.

प्रश्न: सायनजवळ म्हाडाच्या ट्रान्झिट कॅम्पमधली खोली ४,०००ला, दीड लाख डिपॉझिटवर मिळतेय. घेऊ का? – एक वाचक, कुर्ला

उत्तर: नाही. संक्रमण शिबिरं ही मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या इमारतींतून हलवलेल्या रहिवाशांसाठी असतात. ती खोली भाड्याने द्यायचा अधिकार एजंटला नाही आणि आत राहणाऱ्यालाही नाही. तपासणी झाली की तुम्ही घुसखोर ठरता, करार नोंदवता येत नाही आणि दीड लाख परत मागायला हातात कागदच नसतो. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या घरांचंही तसंच. कायद्याने ठरवलेल्या मुदतीत ती भाड्याने देता येत नाहीत, म्हणून मालकाकडे वाटपपत्र मागा आणि त्यावरची तारीख वाचा. दाखवायला टाळाटाळ झाली तर टोकनचे पैसेसुद्धा देऊ नका.