११ जुलैच्या स्फोटांचा खटला: मृताच्या घरच्यांना न्यायालयात बोलता येतं का?

प्रश्न: ११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांत माझा धाकटा भाऊ गेला. त्याचं लग्न झालेलं नव्हतं. वडील नंतर वारले, आई आता ७८ वर्षांची आहे. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने सगळ्या आरोपींना सोडलं, तेव्हापासून आई एकच विचारते, "मग माझ्या पोराला मारलं कोणी?" शेजारी म्हणतात, खटला सरकारचा आहे, त्यात तुम्हाला कोण विचारतो? आमच्या स्थानकावर गेलेल्यांच्या नावांची पाटी लागावी म्हणून आम्ही काही कुटुंबं खटपट करतोय, पण "वरून परवानगी आणा" एवढंच उत्तर मिळतं. स्थानकातलं सामान तपासायचं यंत्र कायम बंद दिसतं, त्याबद्दल कोणाला धरायचं? आणि एक गृहस्थ नुकसानभरपाई वाढवून देतो म्हणून कोऱ्या वकालतनाम्यांवर सह्या मागत आहेत. द्याव्यात का?

उत्तर: ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे उशीर झाला तर नुकसान होईल. सह्या देऊ नका. दिल्या असतील तर वकालतनामा रद्द करत असल्याचं आजच लेखी कळवा आणि त्या पत्राची पोच ठेवा. रेल्वे कायद्याच्या कलम १२४अ खाली प्रवाशाच्या मृत्यूची भरपाई ठरलेल्या दराने मिळते. २००६ मध्ये तो दर चार लाख होता, आठ लाखांचा दर १ जानेवारी २०१७ पासून आला. दहशतवादी हल्ल्यातल्या नागरिकांसाठीची केंद्राची मदत योजना १ एप्रिल २००८ पासूनच्या घटनांना लागू आहे. तुमच्या आईला रेल्वे दावा न्यायाधिकरणातून रक्कम मिळालेली असेल, तर "वाढवून देतो" याला कायद्यात जागा नाही. तुमच्या ओळखीत कुणी कधीच दावा केला नसेल, तर मुदत एक वर्षाची होती. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण इतक्या वर्षांनंतर ते फार अवघड आहे.

आता खटल्याचं. पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये अवघ्या काही मिनिटांत सात स्फोट झाले, १८० हून जास्त माणसं गेली. २०१५ मध्ये मोक्का न्यायालयाने १२ जणांना दोषी धरलं, पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने त्या सगळ्यांना निर्दोष ठरवलं. कबुलीजबाब स्वेच्छेने दिलेले वाटत नाहीत, ओळख परेड नियमाप्रमाणे झाली नाही, कोणत्या प्रकारचे बॉम्ब होते हेसुद्धा सिद्ध झालं नाही, अशी त्यामागची मुख्य कारणं आहेत. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. २४ जुलैला त्या न्यायालयाने, सुटलेल्यांना परत तुरुंगात जायची गरज नाही, पण हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही, असा आदेश दिला.

आईच्या प्रश्नाला कायद्याकडे आज उत्तर नाही. हे तिला सांगणं तुम्हाला जड जाईल, पण सांगा. अपिलाचा निकाल लागेपर्यंत ती माणसं निर्दोष आहेत. त्यांची नावं घेऊन सभेत किंवा व्हॉट्सॲपवर "हेच खुनी" असं लिहिलंत, तर बदनामीचा दावा तुमच्यावर येऊ शकतो. त्यांच्याही आयुष्याची जवळपास १९ वर्षं तुरुंगात गेली आहेत.

"तुम्हाला कोण विचारतो" असं म्हणणाऱ्या शेजाऱ्यांचं म्हणणं मात्र जुनं झालं. ३१ डिसेंबर २००९ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेत 'पीडित' या शब्दाची व्याख्या आली आणि त्यात कायदेशीर वारसही धरले गेले. कलम ३७२ ला जोडलेल्या परंतुकाने, म्हणजे जादा तरतुदीने, पीडिताला निर्दोष मुक्ततेविरुद्ध स्वतः अपील करण्याचा हक्क दिला. त्या संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम ४१३ मध्ये आहे. त्यासाठी आधी परवानगी मागावी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मल्लिकार्जुन कोडगली प्रकरणात सांगितलं. मालेगावच्या २००८ च्या स्फोटाच्या खटल्यात विशेष न्यायालयाने ३१ जुलै २०२५ ला सातही आरोपींना सोडलं, तेव्हा मृतांचे नातेवाईक याच हक्काने उच्च न्यायालयात गेले.

तुमची गोष्ट एका बाबतीत वेगळी आहे. तुमच्याकडे निर्दोष ठरवलं आहे ते उच्च न्यायालयाने, आणि त्याच्या वर हा अपिलाचा हक्क आपोआप चालत नाही. तिथे राज्यघटनेच्या अनुच्छेद १३६ खाली विशेष अनुमती याचिका, म्हणजे अपील ऐकण्याची परवानगी मागणारी याचिका, करावी लागते. ती मृताच्या नातेवाइकाला करता येते का, हा वाद १९८० मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठापुढे सुटला. त्या प्रकरणात न्यायालयात गेलेला माणूस मृताचा भाऊ होता, आणि न्यायालयाने त्याचा मार्ग मोकळा ठेवला. स्वतंत्र याचिकेची ९० दिवसांची मुदत तुमच्या बाबतीत उलटून गेली आहे. म्हणून माझा सल्ला असा, की राज्याच्या प्रलंबित अपिलातच हस्तक्षेप अर्ज, म्हणजे 'आमचंही ऐका' असा अर्ज, करा. मान्य करायचा की नाही हे न्यायालय ठरवील, पण पीडिताला खटल्याच्या प्रत्येक टप्प्यावर ऐकून घेतलं पाहिजे हे त्याच न्यायालयाने २०२२ मध्ये लखीमपूर खेरीच्या जामीन प्रकरणात म्हटलेलं आहे.

अर्ज आईच्या नावाने करा, तुमच्या नावाने नको. भाऊ अविवाहित होता, तेव्हा हिंदू वारसा कायद्याने आई पहिल्या वर्गाची वारस आहे. ती असताना बहिणीचा क्रम लागत नाही. वयाची काळजी वाटत असेल तर ऐका: अपील करणारा पीडित वारला तरी त्याच्या वारसांना ते पुढे चालवता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलं आहे. हस्तक्षेप अर्जातही त्याचा आधार घेता येईल. खर्चाचं म्हणाल तर विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा आणि सर्वोच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे अर्ज पाठवायला सांगा.

अर्जात काय मागायचं? "फाशी द्या" हे मागू नका, ते बोलायला सरकारी वकील आहेत. सुनावणी लवकर व्हावी, प्रत्येक तारीख कुटुंबांना कळवली जावी, आणि मुक्तता कायम राहिली तर तपासाचं पुढे काय करणार हे राज्याने शपथपत्रावर सांगावं, एवढं मागा. यातलं तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्यातच आईचा प्रश्न आहे.

पाटी आणि स्थानकाची सुरक्षितता मात्र या खटल्याला बांधू नका. कॅनडातून निघालेलं एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान २३ जून १९८५ ला पाडलं गेलं, ३२९ माणसं गेली. २००५ मध्ये दोन मुख्य आरोपी निर्दोष सुटले. घरच्यांनी तेवढ्यावर सोडलं नाही. यंत्रणा कुठे चुकल्या ते शोधा, असा त्यांनी धोशा लावला. २००६ मध्ये न्यायमूर्ती जॉन मेजर यांचा चौकशी आयोग नेमला गेला, २०१० मध्ये अहवाल आला आणि पंतप्रधानांनी कुटुंबांची माफी मागितली. मुख्य गुन्हेगार कोण, या प्रश्नाचा निकाल न लागताही यंत्रणेला जाब विचारता आला.

पाटीसाठी स्थानकातल्या अधिकाऱ्याकडे हेलपाटे घालू नका, त्याला तो अधिकारच नाही. पश्चिम रेल्वेच्या मुंबई सेंट्रल विभागाच्या विभागीय रेल्वे व्यवस्थापकांना सगळ्या कुटुंबांच्या सह्यांचं निवेदन द्या, सोबत खासदारांचं पत्र जोडा. माहीम स्थानकावर स्मृतिफलक आहे आणि ११ जुलैला तिथे फुलं वाहिली जातात, याचा उल्लेख करा. चौथरा किंवा स्तंभ मागू नका. रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या जागांवर पुतळे आणि बांधकामं उभारायला सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये मनाई केली आहे, आणि बांधकाम मागितलंत की त्या आदेशावर बोट ठेवून अर्ज परत येईल. भिंतीवरच्या फलकाला ही अडचण येऊ नये. मजकुरात तारीख, वेळ आणि नावं एवढंच असू द्या. गुन्हेगार किंवा संघटना कोणती, हे लिहू नका. प्रत्येक नावासाठी त्या घरची लेखी संमती घ्या. काही घरांना नाव नको असतं, त्यांच्या मनाचाही मान राखा.

बंद यंत्रासाठी माहिती अधिकाराचे दोन अर्ज लागतील, कारण रेल्वे सुरक्षा दल केंद्राचं आणि लोहमार्ग पोलीस राज्याचे. एकालाच विचारलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. प्रश्न असे विचारा: अमुक तारखेला या स्थानकावर सामान तपासणी यंत्रं आणि धातुशोधक चौकटी किती होत्या, त्यांतल्या किती चालू होत्या, देखभालीचं कंत्राट कधी संपलं, शेवटची सराव कवायत कधी झाली. कॅमेरे कुठे आहेत किंवा बंदोबस्त कसा असतो हे विचारलंत तर सुरक्षेच्या कारणावरून अर्ज फेटाळतील, आणि ते योग्यच आहे. उत्तर आलं नाही तर तीस दिवसांत पहिलं अपील करा. हे कागद हातात आले की जनहित याचिकेला वजन येतं. मुंबईच्या स्थानकांवर अपघातग्रस्तांसाठी रुग्णवाहिका आणि तातडीच्या उपचारांच्या सोयी आल्या, त्यामागे उच्च न्यायालयातली याचिकाच होती. ब्रिटनमध्ये मँचेस्टरच्या २०१७ च्या स्फोटात मुलगा गमावलेल्या फिगेन मरे यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि एप्रिल २०२५ मध्ये तिथे सार्वजनिक जागांच्या सुरक्षेचा कायदा झाला. आपल्याकडे तसा कायदा मागण्याआधी तुमच्या स्थानकाचे आकडे हातात असू द्या.

नोंदणीकृत संस्था काढायची घाई नको. निवेदनाला आणि अर्जांना तिची गरज नाही.

पहिल्यांदा भावाचा मृत्यू दाखला, न्यायाधिकरणाच्या आदेशाची प्रत आणि शिधापत्रिका एकत्र करा. हे घेऊन आईसह विधी सेवा प्राधिकरणात जा. अर्ज इंग्रजीत असेल, तो तिला मराठीत पूर्ण वाचून दाखवायला सांगा आणि मगच तिची सही किंवा अंगठा घेऊ द्या.