आवक वाढली की शीट अडते

प्रश्न : सर, लातूरच्या मोंढ्यात आमची आडत आहे. सौदा झाला की शेतकऱ्याचं नाव, कट्टे, वजन, भाव गूगल शीटमधे टाकायला मी पायथनची छोटी स्क्रिप्ट केलीय. एरवी मस्त चालते पण दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन यायला लागलं की मधेच ४२९ एरर येतो अन् सगळं बंद. एरर आला की लगेच परत पाठवायचा लूप पण लावला, तरी तेच. कोटा वाढवून घेऊ का?

उत्तर : कोटा राहू द्या, आधी तो लूप काढा. ४२९ म्हणजे सर्वर म्हणतोय थांब जरा, अन् तुम्ही अजून जोरात दार वाजवताय. शीटच्या एपीआयला (म्हणजे स्क्रिप्ट जिथून शीटशी बोलते त्या दाराला) एका युजरकडून मिनिटाला ६० रिक्वेस्ट लिहायला चालतात, पूर्ण प्रोजेक्टच्या ३००, आणि मिनिट उलटलं की कोटा परत मोकळा. सर्व्हिस अकाउंट, म्हणजे माणसाऐवजी स्क्रिप्टसाठी काढलेलं गूगल खातं, वापरत असाल तर तो एकच युजर धरतात, म्हणजे दुकानातले तीन कॉम्प्युटर त्याच ६० मधे आले, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

खरी गडबड वेगळीच आहे, तुम्ही बहुतेक ओळीमागे एक रिक्वेस्ट पाठवताय. जीस्प्रेड (पायथनमधून शीट चालवायची लायब्ररी) असेल तर अपेंड_रो ऐवजी अपेंड_रोज वापरा, पन्नास ओळी लिस्टमधे जमवा अन् एकदाच टाका, ती एकच रिक्वेस्ट मोजली जाते. निम्म्याहून जास्त दुखणं इथंच संपतं.

तरीही ४२९ आलाच तर १ सेकंद थांबा, मग २, ४, ८ असं वाढवत ६४ पर्यंत, आणि दरवेळी त्यात थोडा रँडम वेळ मिळवा, नाहीतर तिन्ही कॉम्प्युटर एकाच क्षणी परत धडकतात. काही सर्व्हिस उत्तरातच रिट्राय-आफ्टर, म्हणजे किती वेळानं परत यायचं ते, देतात, ते आलं तर तेवढंच थांबायचं, आपलं डोकं लावायचं नाही.

४०३, म्हणजे सर्वरनं मनाई केली असा एरर, आला तर मात्र आतला मेसेज वाचा. शीटमधे बहुतेकदा परवानगीच दिलेली नसते, मग कितीही थांबा काही होत नाही. यूट्यूबच्या एपीआयमधे मात्र दिवसाचा कोटा संपला तरी ४०३च येतो, तो अमेरिकेतल्या पॅसिफिक वेळेच्या मध्यरात्री परत मोकळा होतो, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी १२:३० अन् हिवाळ्यात १:३० ला.

अजून एक, ४२९ मधे ओळ लिहिलेली नसते म्हणून परत पाठवायला हरकत नाही, पण नेट गेलं अन् टाइमआउट झाला, म्हणजे वाट बघूनही उत्तरच आलं नाही, तर ओळ तिकडं पोचलेली असू शकते. म्हणून प्रत्येक ओळीला पावती नंबर ठेवा, परत टाकायच्या आधी तो शीटमधे आहे का बघा, नाहीतर एकाच मालाची पट्टी दोनदा निघायची.