शिफारसपत्र वाचायचा हक्क सोडू का?

प्रश्न: ताई, मी पुण्यात इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, अमेरिकेत एमएससाठी अप्लाय करतेय. फॉर्ममध्ये विचारलंय, सरांचं रेकमेंडेशन लेटर वाचायचा हक्क सोडताय का? सोडला आणि सरांनी भलतंच लिहिलं तर?

उत्तर: अगं, हा हक्क तिथल्या १९७४ च्या फेर्पा (विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींविषयीच्या) कायद्यातला आहे आणि तो तू तिथे ॲडमिशन घेऊन शिकायला लागलीस तरच मिळतो, नाकारलं तर नाही, म्हणजे जेव्हा खरी गरज असते तेव्हाच तो हातात नसतो, हे मला अजिबात पटत नाही. ज्याच्या भविष्याचा प्रश्न आहे त्याला वाचायला मिळायलाच हवं. हक्क सोडायची सक्ती युनिव्हर्सिटीला करता येत नाही, पण हक्क न सोडलेल्या लेटरवर ॲडमिशन समितीचा विश्वास कमी बसू शकतो, म्हणून आत्ता तू सोड. फक्त आधी सरांना सरळ विचार, 'सर, मनापासून चांगलं लिहाल ना?' अडखळले तर दुसऱ्या मॅडमकडे जा. आणि 'तूच लिहून आण, मी सही करतो' म्हणाले तर प्लीज नको, त्यापेक्षा प्रोजेक्ट रिपोर्ट, मार्कशीट नेऊन दे.