लेकीची टिक खोडलीत, ताई?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. नऊ वर्षांची लेक, ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कॅन्सर, आठ महिने झाले ट्रीटमेंट चालू आहे, आणि आता हॉस्पिटलने ‘क्वालिटी ऑफ लाइफ’च्या एका स्टडीत तिला घ्यायचं का विचारलं. तुम्ही सही केलीत पण मनातून संताप झालाच, इथे पोरीच्या जिवावर बेतलंय आणि हे विचारतायत झोप लागते का, मैत्रिणींशी खेळतेस का. मग तिचा फॉर्म बघितलात. ‘औषधं काम करतायत की नाही याची काळजी वाटते’ यापुढे पेन्सिलने ‘जवळजवळ नेहमी’वर टिक. ती बाथरूमला गेलेली असताना तुम्ही रबर घेऊन ती खोडलीत आणि ‘कधीकधी’वर केलीत. आता विचारताय, मी चुकले का, आणि ती मला का नाही बोलली.

चुकलात, हो. पण हात का गेला रबराकडे ते कळतंय मला.

आधी त्या संतापाचं बोलू. 1947-48 च्या सुमारास सिडनी फार्बर या अमेरिकन डॉक्टरांनी ल्युकेमियाच्या मुलांना अमिनोप्टेरिन नावाचं औषध दिलं तेव्हा आजार थोडे दिवस मागे हटला, आणि तेवढंसुद्धा तेव्हा खूप होतं. पुढे बरीच औषधं एकत्र देऊ लागले, मेंदूत आजार दडून राहू नये म्हणून डोक्याला रेडिएशन देऊ लागले, आणि मुलं खरंच वाचायला लागली. पण तीच मुलं शाळेत परत गेली तेव्हा लक्षात आलं की काहींची उंची खुंटलीय, काहींच्या लक्षात राहत नाही, अभ्यासात मागे पडतायत. हे रक्ताच्या रिपोर्टमध्ये कुठे दिसणार? मुलांकडे वर्षानुवर्षं बघत राहिलं, त्यांना विचारत राहिलं, म्हणून कळलं. मग हळूहळू रेडिएशन कमी करून पाठीच्या मणक्यातून औषध देण्यावर भर आला, आणि 2009 मध्ये एका मोठ्या अभ्यासात दिसलं की बाकीची औषधं नीट दिली तर ते रेडिएशन सरसकट टाळूनही मुलं बरी होतात. तुम्ही लिहिलंय की तुमच्या लेकीला रेडिएशन द्यावं लागलं नाही. ते आधीच्या कितीतरी मुलांना असेच प्रश्न विचारले म्हणून, ताई.

आता ती टिक. मुलांचं रोजचं जगणं कसं चाललंय ते विचारणाऱ्या पेड्सक्यूएलसारख्या प्रश्नावलीत मुलाचा फॉर्म वेगळा असतो आणि आईबाबांचा वेगळा, कारण दोघांची उत्तरं बऱ्याचदा जुळत नाहीत हे पुन्हा पुन्हा दिसलंय. उलटी झाली, चालताना पाय दुखले, हे आईला दिसतं. आतली भीती नाही दिसत. आणि पोरं आईचा चेहरा वाचतात हो, मी बोलले तर ही रडेल असं वाटलं की गप्प बसतात. कागद रडत नाही, म्हणून तिने कागदाला सांगितलं. तुमच्यावर विश्वास नाही असा अर्थ अजिबात काढू नका.

उद्या स्टडीच्या नर्सला फोन करून सरळ सांगा की एक उत्तर मी बदललंय. त्याआधी लेकीला सांगा, तुझी टिक मी खोडली, चुकलं माझं, आता परत तू कर. मग थांबा. लगेच ‘सगळं छान होणार’ म्हणू नका, त्याने बोलणं तिथेच संपतं. नुसतं विचारा, काळजी कधी जास्त वाटते, रात्री का, सुई टोचायच्या आधी? औषधं काम करतायत का हा तिचा प्रश्न डॉक्टरांकडे घेऊन जा आणि उत्तर तिलाच द्यायला सांगा, तिला समजेल अशा शब्दांत. स्टेरॉइड चालू असताना मूड फार बिघडतो, चिडचिड, रडणं, झोप उडणं, तर कोणत्या दिवशी काय झालं ते लिहून ठेवा आणि दाखवा. आणखी एक, स्टडीचे फॉर्म तिच्या डॉक्टरांपर्यंत पोचतातच असं नाही, कधी ते नुसते रिसर्चसाठी जातात, म्हणून नक्की विचारून घ्या, आणि पोचत नसतील तर तुम्ही तोंडाने सांगा, सायकॉलॉजिस्टची भेट मागा. स्टडी नकोच वाटली तर कधीही बाहेर पडता येतं, ट्रीटमेंटवर त्याचा परिणाम होता कामा नये. पण मला विचाराल तर राहा, तिलाही विचारून.

तुमचा फॉर्म मिळेल तेव्हा तिच्या शेजारी बसून भरू नका, वेगळ्या खोलीत बसा. आणि तुम्हाला झोप लागते का असं विचारलं असेल तर तिथेही खरं तेच लिहा.