तारीख, तिथी आणि थोरली

प्रश्न : माई, नमस्कार. मी डिचोलीची. माझी मोठी मुलगी पहिलीत आहे, १८ ऑगस्टला ती सात वर्षांची होईल. तिच्या पाठीवर जुळी, एक मुलगा आणि एक मुलगी, गेल्या वर्षी ९ ऑगस्टला राखी पौर्णिमेच्या दिवशी झाली. ३४ आठवड्यांचीच होती, त्यामुळे काही दिवस काचेच्या पेटीत होती. तेव्हा सासूबाईंनी कवळ्याच्या शांतादुर्गेला आंगवण (नवस) केली. आता त्यांची आणि ह्यांची इच्छा अशी की जुळ्यांचा पहिला वाढदिवस हॉल घेऊन थाटात करायचा आणि थोरलीचाही त्यातच करून टाकायचा. नऊ दिवसांनी तेच पाहुणे पुन्हा कशाला बोलवायचे, म्हणतात. हॉलला आगाऊ पैसेही देऊन झाले. थोरलीला विचारलं तर म्हणाली, "माझा नकोच. त्यांचाच करा." शिवाय मुलगा धरून धरून चालतो, मुलगी मात्र अजून उभी राहायलाही कुरकुरते. फोनवर जो तो विचारतो, "आधी कोण चाललं?" थोरलीचा पहिला दात, पहिलं पाऊल सगळं मी वहीत लिहून ठेवलं होतं. जुळ्यांच्या वहीत नावं सोडून एक अक्षर नाही. काय करू?

उत्तर : एकत्र करू नका. एक हॉल, एक केक आणि त्यावर तीन नावं, अशा वाढदिवसात फुगे नक्की कोणासाठी फुगवलेत हे सात वर्षांच्या मुलीला दारातच कळतं. जुळ्यांना यंदा काहीच कळणार नाही. नऊ तारीख काय नि अठ्ठावीस काय, हॉल काय नि घरची पडवी काय, त्यांना सगळं सारखंच. तुमच्या तीन मुलांपैकी कॅलेंडर वाचता येतं ते एकीलाच. तेव्हा यंदाचा ऑगस्ट तिच्या सोयीनं आखा.

पंचांग यंदा तुमच्या बाजूनं आहे. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून एरवी तिथी तारखेच्या दहा-अकरा दिवस आधी येते. पण यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ होऊन गेला, त्यामुळे श्रावणातली पौर्णिमा लांबून थेट २८ ऑगस्टला आली आहे. म्हणजे जुळ्यांचा तिथीचा वाढदिवस थोरलीच्या वाढदिवसानंतर दहा दिवसांनी पडतो. पहिला वाढदिवस तिथीनं करण्याची रीत आपल्याकडे कितीतरी घरांत आहे. सासूबाईंना हे तुम्ही सांगू नका, पंचांग त्यांच्याच हातात द्या आणि विचारा, "आई, तिथीनं कधी येतो बघा जरा." पुढचं त्या स्वतःच ठरवतील.

२८ला राखी आहे, आणि शुक्रवार आहे. श्रावणातल्या शुक्रवारी ज्यांच्याकडे जिवतीची पूजा असते, त्या घरची आई त्या दिवशी सगळ्याच लेकरांना ओवाळते. तुमच्याकडे पूजा नसली तरी तीन पाट मांडायला कोणाची हरकत नसावी. आधी थोरली भावाला राखी बांधेल. बहिणीलाही बांधू दे, कोणी हसलं तर हसू दे. मग जुळ्यांना ओवाळा, पण एका ताम्हनात दोघांना मिळून नव्हे. आधी एकाला नावानं, मग दुसरीला नावानं. केक करणार असाल तर लहानसे दोन करा. बाराही महिने ती दोघं "जुळी" असतात. वर्षातून एकदा तरी प्रत्येकाला आपापला पाट मिळावा.

नऊ तारखेला, रविवारी, जवळची चार माणसं येतीलच. त्यांना चहा-फराळ द्या, फोटो काढू द्या. त्याहून जास्त काही करू नका.

आता १८ तारीख. मंगळवार आहे, शाळेचा दिवस. संध्याकाळी तिच्या वर्गातली पाच-सहा मुलं आणि वाड्यावरच्या मैत्रिणी बोलवा. यादी तिनं करायची, खायला काय तेही तिनं ठरवायचं, मग ते शिरा आणि बटाटवडे असोत की नुसत्या नूडल्स. जुळ्यांना त्या दोन तासांपुरतं आजी-आजोबांनी शेजारी न्यावं. तुम्ही त्या पोरांच्या घोळक्यात बसायचं, स्वयंपाकघरात नाही. आणि त्या दिवशी "तू आता मोठी झालीस" हे वाक्य घरात कोणीही उच्चारायचं नाही. जुळी आलेल्या घरात थोरल्या मुलाला दिवसातून इतक्या वेळा मोठं व्हावं लागतं की बिचारं थकून जातं. मी फोंडा तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवत होते. "माझे घर" या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या, तेव्हा एका मुलानं लिहिलं होतं, "आमच्या घरात दोन पाळणे आहेत. मी पाळणे हलवतो. आई झोपते." पुढच्या सात ओळी कोऱ्या होत्या.

माझ्याही घरी थोरला आणि त्याच्या पाठीवर जुळ्या मुली. त्यांच्या उष्टावणाला मणगणं (चण्याच्या डाळीची खीर) केलं होतं. माझ्या सासूबाई शाळेत कधी गेल्या नव्हत्या, पण त्या दिवशी पाट मांडताना त्यांनी तिसरा पाट मागवला. चांदीची वाटी आधी थोरल्यापुढे ठेवली, त्याला दोन चमचे भरवले आणि म्हणाल्या, "आता तू भरव एकीला, मग दुसरीला." पाच वर्षांचा पोर हात धुऊन असा ऐटीत बसला की भटजींनाही हसू आवरेना. काम तेच, धाकट्यांना भरवायचं. पण आधी त्याला मिळालं होतं, म्हणून ते काम त्याला कामासारखं वाटलं नाही.

चालण्याबद्दल. तुमची मुलं ३४ आठवड्यांवर झाली, म्हणजे ४० आठवड्यांच्या हिशेबानं सहा आठवडे लवकर. बाळंतपणाची खरी तारीख २० सप्टेंबरच्या आसपास असणार. अशा मुलांची वाढ दोन वर्षांची होईपर्यंत त्या तारखेपासून मोजतात. आज ती अकरा महिन्यांची दिसत असली तरी वाढीच्या हिशेबानं साडेनऊ महिन्यांची आहेत. साडेनऊ महिन्यांचं मूल उभं राहायला कुरकुरलं तर त्यात काय नवल? जागतिक आरोग्य संघटनेनं सहा देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास केला होता, त्यात आपला भारतही होता. त्यात एकटं चालणं कोणाला ८ महिन्यांनंतर लगेच जमलं, तर कोणाला साडेसतरा महिन्यांपर्यंत वेळ लागला. म्हणून थोरलीची वही काढून जुळ्यांची पानं तिच्याशी ताडून पाहू नका. लस मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायची, तिथे सहा आठवडे वजा करायचे नाहीत. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची राहिली असेल तर वाढदिवसाआधी द्या. मुलगी आधाराशिवाय बसत नसेल, एक हात किंवा एक पाय कमी वापरते असं वाटत असेल, तर वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. नसेल तर तिला तिच्या वेळेनं उठू द्या.

मुलगा-मुलगी जुळी म्हणजे दोन वेगळी बीजं. एका दिवशी जन्मली एवढंच, नाहीतर एरवी कुठल्याही सख्ख्या भावंडांत असतं तेवढंच साम्य त्यांच्यात. म्हणून मुलानं हात सोडून पहिलं पाऊल टाकलं की टाळ्या वाजवा, तिच्यासाठी थांबू नका. ती टाकेल तेव्हा पुन्हा तेवढ्याच जोरात वाजवा. फोनवाल्यांना सांगा, "दोघं जेवली, आता झोपलीत." पुन्हा विचारलं तरी हेच सांगा.

वहीचं मला तुमच्याइतकं वाईट वाटत नाही. दोन तान्ह्यांना पाजून, ढेकर काढून, दुपटी वाळत घालून (त्यातही पावसाळा!) कोण वही लिहिणार? ती वही थोरलीला देऊन टाका. वर्गपाठाची असते तशी दुरेघी वही, अर्धी भावाच्या नावाची, अर्धी बहिणीच्या. पहिलीतल्या मुलीला जोडाक्षरं अजून येत नसतील, ऱ्हस्व-दीर्घाचा तर पत्ताच नसेल. तुम्ही एकही चूक दुरुस्त करू नका. "आज बाबू भीतीला धरून ऊभा राहीला" असं तिनं लिहिलं, खाली पेन्सिलनं भिंत काढली, की ते तुमच्या सुवाच्य नोंदीपेक्षा भारी. फक्त तारीख घालायला शिकवा. आणि तिची स्वतःची जुनी वही तिच्या हाताला लागेल अशा जागी ठेवा. तिच्यावरही कोणीतरी इतकं लिहिलं होतं, हे तिनं आपण होऊन वाचावं.

आंगवण हॉलमध्ये फिटत नाही, त्यासाठी कवळ्यालाच जायला हवं, आणि सासूबाईंचा खरा जीव तिथेच अडकलाय असं मला पत्रावरून वाटतं. ते दिवस त्यांनी कसे काढले असतील! वाढदिवसाच्या दिवशी सगळं एकदम कोंबू नका. आठवड्यातला एखादा साधा दिवस बघून सकाळी लवकर निघा, गर्दी कमी असते. तिन्ही मुलांना न्या. ओटी सासूबाईंच्या हातून भरा. त्यांच्यासाठी सोहळा हाच.

भेटवस्तूंचं तुम्ही विचारलं नाहीत, पण होणार काय ते मला माहीत आहे. येणारे जुळ्यांसाठी दोन-दोन सारख्या पिशव्या आणतील आणि थोरलीच्या गालाला हात लावतील. आमंत्रणाच्या फोनवरच सांगा, काही आणू नका. आणायचंच असेल तर तीन आणा, किंवा तिघांत मिळून एक.

राहता राहिला हॉल. मालकाला विचारा, तारीख पुढे ढकलून मिळते का. चवथ (गणेशचतुर्थी) झाली की लग्नसराईआधी त्यांच्याकडे मोकळे दिवस असतात, बहुतेक जण ऐकतात. नाहीच ऐकलं तर आगाऊ दिलेले पैसे बुडाले समजा. सगळ्या पाहुण्यांच्या जेवणाचा खर्च वाचला, त्यात ते भरून निघतील. ह्यांना मात्र हा हिशेब कागदावर मांडून दाखवा, तोंडी सांगून नवऱ्यांना पटत नाही.