ओरखड्यांसाठी मुदत ठेव मोडावी का?

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी पंधरा लाखांची फोर बाय फोर गाडी घेतली. पावसाळ्यासह वर्षभर सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर आणि कोकणात फिरतो. करवंदीच्या जाळ्यांनी दोन्ही बाजूंना ओरखडे पडले आहेत आणि मागचा बंपर खडकाला घासून तडकला आहे. संपूर्ण रंगकाम आणि वरून संरक्षक फिल्म यासाठी १ लाख ४० हजार रुपये सांगितले आहेत. दोन लाखांची मुदत ठेव मोडावी, की बंपरचा तरी विमा दावा करावा? गाडी अजून सात-आठ वर्षे वापरणार आहे. – एक वाचक, पुणे

उत्तर : मुदत ठेव मोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ही ठेव अडीअडचणीसाठी ठेवली असावी, असे रकमेवरून वाटते, आणि दारावरचे ओरखडे ही अडचण नव्हे. आपण वर्षभरात गाडी विकणार असता, तर दर्शनी भागाचे रंगकाम करण्याचा विचार मी केला असता. परंतु सात-आठ वर्षांनी विकताना आजच्या रंगकामाची किंमत कोणी देणार नाही, आणि दरम्यान त्याच वाटांवर त्याच जाळ्या असणारच आहेत. ज्या कामासाठी गाडी घेतली त्या कामात ती झिजणार, हे खरेदीच्या दिवशीच गृहीत धरायला हवे.

बंपरचा हिशेब मांडून पाहू. समजा, नवा बंपर ८ हजारांचा आणि मजुरी ४ हजार आहे. झीरो डेप्रिसिएशनचे संरक्षण, म्हणजे भागांचा घसारा न कापता दावा देणारे पूरक कवच नसेल, तर प्लास्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा (वापरामुळे घटलेली किंमत) कापला जातो. शिवाय १५०० सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाच्या गाडीला २ हजारांची सक्तीची वजावट असते, म्हणजे तेवढी रक्कम प्रत्येक दाव्यात आपणच सोसायची. म्हणजे १२ हजारांच्या कामाचे हाती येतील ६ हजार. सलग तीन वर्षे दावा केला नसेल, तर नूतनीकरणावेळी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यावर ३५ टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची सवलत मिळते, जी २० हजारांच्या हप्त्यावर ७ हजार होते. दावा केल्यास ती पूर्ण जाते आणि सुरुवात पुन्हा शून्यापासून होते. त्यामुळे बंपर स्वखर्चाने बदलावा, किंवा तो सैल झालेला नसेल तर तसाच वापरावा.

मात्र सगळीच झीज सोडून देण्यासारखी नसते. डोळ्यांना खुपणारे ओरखडे बहुधा निरुपद्रवी असतात, तर जे गाडीला आतून खाते ते गाडीखाली वाकल्याशिवाय दिसत नाही. चॅसिसच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या कोपऱ्यांत साठलेला चिखल ओल धरून ठेवतो आणि किनाऱ्यावरची खारी वाळू गंजाला आमंत्रण देते. म्हणून कोकणातून परतल्यावर खालची बाजू गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन घ्यावी. सस्पेन्शनचे बुश (धक्के शोषणाऱ्या यंत्रणेतील रबरी जोड), ब्रेक पॅड आणि एअर फिल्टर यांची तपासणी नेहमीच्या सर्व्हिसिंगची वाट न पाहता पावसाळ्याच्या आधी आणि नंतर करून घ्यावी, असा माझा आग्रह आहे.

याहून मोठी जोखीम ओढ्यांची आहे. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न केला, तर इंजिनात पाणी ओढले जाऊन कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडणारा इंजिनातील दांडा) वाकू शकतो, आणि अशी हानी मूळ पॉलिसीत सहसा मान्य होत नाही. आपल्या पॉलिसीत इंजिन संरक्षणाचे पूरक कवच नसेल, तर येत्या नूतनीकरणाला ते अवश्य घ्यावे. त्याचा जादा हप्ता फिल्मपेक्षा कितीतरी उपयोगी ठरेल.

झिजेसाठी दरमहा ३ हजारांचे आवर्ती ठेव खाते उघडावे. वर्षाचे ३६ हजार होतात. त्यातून टायर, सस्पेन्शन आणि गंजरोधक लेपाचा खर्च भागवावा आणि ज्या वर्षी रक्कम उरेल त्या वर्षी ती टायरच्या पुढच्या संचासाठी राखून ठेवावी. महिन्याला एवढी रक्कम काढणे जड जात असेल, तर आधी सहलींची संख्या कमी करावी. ठेवीला हात लावू नये.