कर्ता हरवलेली वाक्ये

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या लघुप्रबंधाच्या पहिल्या प्रकरणाचा कच्चा मसुदा आणि सोबतची चिठ्ठी मिळाली. पतसंस्थेत नऊ वर्षे नोकरी करून पुन्हा एम.ए.च्या वर्गात बसल्यावर लिहिण्याचा हात गेला आहे, असे तू म्हणतेस. पाने वाचल्यावर मला उलटेच जाणवले. हात उत्तम चालतो आहे, मात्र त्याला कार्यालयीन टिपणीचे वळण लागले आहे आणि ते मोडायला थोडे दिवस द्यावे लागतील.

तिसऱ्या पानावर तू लिहितेस, ‘सदर बाबतीत कर्जदारांशी संपर्क साधण्यात आला असता समाधानकारक प्रतिसाद प्राप्त झाला नाही.’ संपर्क कोणी साधला, किती जणांशी साधला आणि समाधान कोणाचे व्हायचे होते, यांपैकी एकाचेही उत्तर या वाक्यात नाही. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जाताना कोणाचेही नाव अडकू नये म्हणून घडलेली ही भाषा आहे आणि तिथे ती कामाचीही असते. प्रबंधात मात्र वाचक सर्वांत आधी कर्ता शोधतो. तुझ्याच परिशिष्टावरून मी ते वाक्य असे लिहून पाहिले: ‘मी ४७ थकबाकीदारांना भेटले, त्यांपैकी १९ जणांनी हप्ता का थकला हे सांगण्यास नकार दिला.’ आता तो नकारच एक निष्कर्ष होऊन बसला आणि लोक का बोलत नाहीत, हा तुझ्या प्रकरणाचा खरा प्रश्न वर आला. ‘सदर’, ‘उपरोक्त’ आणि ‘करण्यात आले’ हे तीन शब्दप्रयोग दिसतील तिथे पेन्सिलीने गोल कर. निम्मी दुरुस्ती तिथेच होईल.

हाच कर्ता संदर्भांतही हरवतो. ‘सहकार अयशस्वी झाला आहे, पण तो यशस्वी झालाच पाहिजे, असे म्हटले जाते’ असे तू पाचव्या पानावर सहज लिहून गेलीस. कोण म्हणते? ते विधान रिझर्व्ह बँकेने १९५१ साली नेमलेल्या ग्रामीण पतपाहणी समितीचे आहे. ए. डी. गोरवाला तिचे अध्यक्ष होते, आपले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ सदस्य होते आणि अहवाल १९५४ साली प्रसिद्ध झाला. शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा सुमारे ३ टक्केच आहे असे पाहणीत आढळले होते, त्या पार्श्वभूमीवर हे वाक्य आले. बोलणारा आणि त्याच्यासमोरचा आकडा, दोन्ही कळल्याशिवाय ते विधान नुसती घोषणा वाटते. अहवाल ग्रंथालयात जाऊन स्वतः उघड. दुसऱ्याच्या पुस्तकातून उचललेले अवतरण बहुधा शेपूट तुटलेले असते.

हे मी तुला शहाणपणाच्या उंचीवरून सांगत नाही. नोकरीची सात वर्षे मध्ये गेल्यानंतर मी पीएच.डी.ला परतलो, तेव्हा पोस्टकार्डाच्या आकाराच्या कार्डांवर टिपणे काढत असे. एका कार्डावर माझ्याच अक्षरात एक फार चांगले वाक्य होते, पण अवतरणचिन्ह नव्हते आणि पृष्ठक्रमांकही नव्हता. ते माझे होते की ग्रंथकाराचे, हे दोन दिवस पुस्तके चाळूनही ठरेना. शेवटी मी ते वाक्यच काढून टाकले. (अजूनही वाटते, माझेच असावे.) तेव्हा टिपण काढतानाच दुसऱ्याचे शब्द अवतरणात, पृष्ठक्रमांक लगेच शेजारी आणि स्वतःचे मत वेगळ्या शाईत, एवढे पाळ. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार दुसऱ्याच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, हे तुमच्या वर्गात सगळ्यांना पाठ दिसते. पण तो आकडा म्हणजे उसनवारीची मंजूर मर्यादा असल्यासारखे कोणी बोलू लागले, तर तू त्यात पडू नकोस.

आता गटप्रकल्पाविषयी. तुझ्या चिठ्ठीतली तक्रार मला ओळखीची वाटली: बाकीची तिघे बाविशीची, तुला ताई म्हणतात, व्हॉट्सॲपवर ‘करतो ताई’ असे उत्तर देतात आणि काम रात्री अकरा वाजता तुझ्याच टेबलावर येऊन पडते. मुले आळशी आहेत असे लगेच ठरवू नकोस. मॅक्स रिंगलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून मोजले होते, ते निष्कर्ष १९१३ साली प्रसिद्ध झाले. आठ जण मिळून ओढू लागले की प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढतानाच्या जवळपास निम्म्यावर येत होता. आपला वाटा वेगळा दिसतो आहे हे माणसाला ठाऊक असले की ही ढिलाई बरीच कमी होते, असे नंतरच्या मानसशास्त्रज्ञांनी दाखवले.

याचा उपाय तुझ्या पतसंस्थेतच आहे. संचालक मंडळाच्या इतिवृत्तात प्रत्येक ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावे तू वर्षानुवर्षे लिहीत आलीस. गटाच्या बैठकीचेही तसेच पाच ओळींचे इतिवृत्त ठेव आणि ते लिहिण्याची पाळी फिरती असू दे, नाहीतर तेही तुझ्याच गळ्यात पडेल. प्रत्येक प्रश्नावलीच्या कोपऱ्यात ती भरून घेणाऱ्याची आद्याक्षरे हवीत. तू पाठवलेल्या नमुन्यांपैकी ३१ क्रमांकाच्या प्रश्नावलीत सावकारी कर्जापुढे ‘व्याज २’ एवढेच लिहिले आहे. गावात ‘दोन टक्क्यांनी घेतले’ म्हणजे दरमहा शेकडा दोन, वर्षाला २४. शहरात वाढलेल्या मुलाने ते वार्षिक समजून तक्त्यात भरले, तर सावकार बँकेपेक्षा स्वस्त ठरेल! हे कोणाला विचारायचे, ते आज त्या कागदावरून कळत नाही. तुझ्या नऊ वर्षांचा उपयोग अशा ठिकाणी आहे, मुलांचे टंकलेखन करून देण्यात नाही. त्यांची प्रकरणे त्यांनाच लिहू दे, वाईट लिहिली तरी. तू समासात प्रश्न विचार आणि परत पाठव.

एक किरकोळ गोष्ट: कार्यालयातल्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य दिसतो, म्हणून सर्वांनी युनिकोडच वापरावे हे आधीच ठरवून घ्या.

तूर्त बाकीच्या प्रकरणाला हात लावू नकोस. तिसरे आणि पाचवे पान दुरुस्त करून रविवारपर्यंत पाठव, आणि ३१ क्रमांकाची प्रश्नावली कोणी भरली ते कळले की तेही कळव.

तुझा,
सर